ट्रॉली वाड्यात घेताना

वाहन पुढे हाकणारे शंभर भेटतात. तेच वाहन मागे घेऊन नेमक्या जागी उभे करणारे थोडे, आणि त्या वाहनाच्या पाठीशी दुसरे एखादे जोडलेले असेल तर ते थोडेही कपाळावरचा घाम पुसू लागतात. ज्या वाचकांच्या घरी एके काळी बैलगाडी होती, त्यांना हे निराळे सांगावयास नको. बैलास पुढे जाणे ठाऊक. मागे पाऊल टाकणे त्यास मुळीच रुचत नाही. म्हणून जुनी माणसे दारापुढे गाडी आणून बैल सोडीत, चौघेजण जू हाती धरीत आणि गाडी हातांनीच मागे लोटीत. जू डावीकडे नेले की गाडीची पाठ उजवीकडे जाते, ही गोष्ट त्यांच्या तळहातांस माहीत होती. आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, गाडीच्या जागी ट्रॉली आली. परंतु जो नियम जुवाचा तोच ट्रॅक्टरचा, आणि दरवाजे मात्र बैलगाडीच्याच मापाचे राहिले आहेत.

आमचे गाव देवास तालुक्यात. इतक्या दूर माळव्यात मराठी कुटुंबे कशी, असे कित्येक वाचकांस वाटेल. पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या वेळी पवार सरदार या मुलुखात आले. त्यांचीच एक शाखा धारेस राज्य करू लागली आणि तुकोजीराव व जिवाजीराव या दोघा भावांनी १७२८ मध्ये देवासला आपले ठाणे मांडले. त्यांच्यामागून कारकून, शिलेदार, पुजारी, वैद्य आले आणि येथलेच होऊन गेले. आम्ही त्यांच्यापैकीच एका घरचे. घरात मराठी, शेतात माळवी, बाजारात हिंदी, असा आमचा व्यवहार. आमची मराठी ऐकून पुण्याकडचे पाहुणे गालात हसतात. त्यांना हसू द्यावे.

या देवास संस्थानाची एक गंमत होती, आणि तिचा आमच्या ट्रॉलीशी संबंध आहे म्हणून सांगतो. दोघा भावांच्या वंशजांची राज्येही दोन झाली: एक थोरली पाती, दुसरी धाकटी पाती. १८४१ नंतर दोन्हींचा कारभार वेगळा झाला, पण मुलुख एकमेकांत इतका गुंतलेला होता की देवास शहरातील मुख्य रस्त्याची एक बाजू एका दरबाराची, दुसरी बाजू दुसऱ्याची. दिवाबत्तीची व्यवस्था निराळी, पाण्याची निराळी. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते आणि त्यांनी १९५३ मध्ये आपल्या तेथील दिवसांवर एक पुस्तकही प्रसिद्ध केले. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंस एकच दिवा लागला. वाड्यावाड्यांतून मात्र पात्या राहिल्या. आमच्या आजोबांची आणि त्यांच्या वडील बंधूंची वाटणी १९६८ मध्ये झाली, तेव्हापासून गावकरी थट्टेने आमच्या चुलत घराला थोरली पाती म्हणतात आणि आम्हांस धाकटी.

वाटणीपत्रात देवडी, दरवाजा आणि विहीर ही तिन्ही सामाईक आहेत. येण्याजाण्याची वहिवाट सामाईक, असेही स्पष्ट लिहिले आहे. किती फूट, ते लिहिलेले नाही. लिहिणाऱ्यापुढे तेव्हा बैलगाडी उभी होती, आणि बैलगाडीला काय, जू उचलले की झाले. दरवाजा नऊ फुटांचा. वाटणीची रेघ त्याच्या बरोबर मध्यातून विहिरीकडे जाते, म्हणजे साडेचार फूट थोरल्या पातीचे, साडेचार आमचे. आमची ट्रॉली साडेसहा फूट रुंद आहे.

ही ट्रॉली आमच्या वडिलांनी १९९४ साली धारच्या रस्त्यावरील एका लहानशा कारखान्यातून बनवून घेतली. दोन चाकांची, अकरा फूट लांब, पुढे चार फुटांची दांडी. वर्षातील आठ महिने ती सोयाबीन, गहू आणि लसूण वाहते. परंतु थंडीच्या दिवसांत तिचे दुसरे रूप असते. विहिरीवरच्या पंपाला वीज बहुधा रात्री मिळते, हरभऱ्यात रोजडे शिरतात (नीलगाईस आमच्याकडे हेच नाव), आणि शेत घरापासून दोन कोस. तेव्हा ट्रॉलीवर लोखंडी कमानी बसवायच्या, त्यांवर ताडपत्री ओढायची, आत गवताच्या पेंढ्या अंथरून वर गोधड्या टाकायच्या, एका कोपऱ्यात स्टोव्ह आणि पाण्याची कळशी ठेवायची. शेताच्या बांधावर ती उभी राहिली म्हणजे पंधरा-वीस रात्री आमचे घर तेच. जाताना त्यात माणसे बसवीत नाही. ट्रॉलीतून माणसे नेण्यास कायद्याची बंदी आहे आणि ती योग्यच आहे, कारण ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेकही नसतो. सामान ट्रॉलीतून, माणसे मोटारसायकलवरून.

युरोपात अशा फिरत्या घरांचा मोठा शौक आहे. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका डॉक्टरांनी केवळ सहलीसाठी असे घर मुद्दाम बांधवून घेतले, त्यास दोन घोडे जुंपले आणि इंग्लंडातून थेट स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. अरुंद रस्त्यावर समोरून काही येते की काय, हे पाहण्यासाठी त्यांचा एक नोकर तीन चाकी सायकलवर पुढे पुढे जात असे. त्या गृहस्थांस मागे पाहण्यास कोण होते, हे जाणून घेण्याची आम्हांस फार उत्सुकता आहे! आमची एक मामेबहीण इंग्लंडात असते. तिच्या शेजाऱ्यांकडे असे घर आहे आणि ते दोन भिंतींच्या फटीत उभे करताना ते लोक मोटार सोडवून बाजूला करतात. घराच्या चाकांना टेकलेले लहान विजेचे यंत्र असते, हातात एक डबी घेऊन कळ दाबली की घर आपोआप मुंगीच्या पावलाने सरकते. तिने हे सांगितले तेव्हा आमचे धाकटे बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत.

ट्रॅक्टर चालवितात ते आमचे बंधूच. मागे घेण्याची विद्या त्यांच्याकडून जी आम्ही पाहिली ती अशी. ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका पिनवर जोडलेली असतात. मागे जाताना स्टिअरिंग डावीकडे फिरविले तर ट्रॅक्टरची पाठ डावीकडे जाते, दांडीस डावीकडे रेटते, आणि त्यामुळे ट्रॉलीची शेपटी उजवीकडे वळते. नवशिक्याची बुद्धी येथेच फिरते. त्यासाठी बंधूंनी एक युक्ती धरली आहे: हात स्टिअरिंगच्या वरच्या कडेस न ठेवता खालच्या कडेस ठेवायचा. मग ज्या बाजूस शेपटी न्यायची त्याच बाजूस हात सरकवायचा. उलट-सुलट विचार करावा लागत नाही.

इतक्याने भागत नाही. ट्रॉली एकदा वळू लागली की स्टिअरिंग सरळ केले तरी ती वळतच राहते, उलट अधिकाधिक वळते. तिला आवरायचे तर आता स्टिअरिंग दुसऱ्या दिशेस फिरवून ट्रॅक्टरने तिच्या मागोमाग वळले पाहिजे. उशीर झाला तर दोन्ही कात्रीच्या पात्यांप्रमाणे मिटतात, ट्रॉलीचा कोपरा ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला भिडतो, आणि त्यावर उपाय एकच: पुढे जाऊन सरळ होणे व पुन्हा आरंभ करणे. पुढे जाण्याची लाज धरणारा मनुष्य भिंत पाडतो. लांब ट्रॉली सावकाश वळते, आखूड ट्रॉली चटकन उसळी घेते. म्हणून लहान ती सोपी, हा समज खोटा आहे. चार चाकांच्या ट्रॉलीस तर पुढचा आसही फिरतो, म्हणजे सांधे दोन. ती मागे घेणाऱ्यास आम्ही दुरूनच नमस्कार करतो.

ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना दोन निरनिराळे ब्रेक असतात. रस्त्यावर ते पट्टीने एकत्र बांधून ठेवावेत, नाहीतर वेगात एकच दाबला जाऊन ट्रॅक्टर उलटावयाचा. अडचणीच्या जागी मात्र पट्टी सोडून एकच ब्रेक दाबला की ट्रॅक्टर त्या अंगास जवळजवळ जागीच फिरतो. आमच्या दारापुढच्या चौकात हा गुण नसता तर ट्रॉली आत गेलीच नसती. चौक म्हणजे काय, तीन बोळ जेथे मिळतात ती बैठकीएवढी जागा. समोर एका माळवी शेजाऱ्याचा ओटा. ओट्यावर संध्याकाळी चार म्हातारे बसलेले असतात आणि ट्रॉली दिसताच चौघेही "आवा दो, आवा दो" म्हणू लागतात. चौघांच्या चार दिशा.

म्हणून आमच्या आजीने फार वर्षांपूर्वी दोन नियम घालून दिले, ते आजही पाळले जातात. पहिला असा की सांगणारा एकच. इतरांनी तोंड मिटावे. तो ट्रॉली आणि भिंत यांच्या मध्ये कधीही उभा राहणार नाही, आणि चालविणाऱ्यास तो दिसेनासा झाला की ट्रॅक्टर त्याच क्षणी थांबेल. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत, तेव्हा हाताने खुणवावे, रात्री विजेरीने. दुसरा नियम मुलांचा. ट्रॅक्टर मागे येण्यापूर्वी दोन्ही पात्यांची सारी मुले देवडीच्या ओट्यावर बसवायची आणि मोठ्याने मोजायची. संख्या जुळल्याखेरीज गिअर टाकायचा नाही. ट्रॉलीच्या फळ्यांमागे दोन वर्षांचे मूल उभे असले तर चालविणाऱ्यास ते दिसणे अशक्य असते. शेजारच्या एका गावात एका आजोबांच्या हातून स्वतःचाच नातू असा गेला. आजी त्या घरी समाचारास जाऊन आली, आणि त्याच संध्याकाळी तिने आमची मोजणी सुरू केली. दोन्ही पात्यांत बोलणे बंद होते त्या वर्षांतही ही मोजणी चालू राहिली. थोरल्या घरच्या वहिनी पडद्याआडून फक्त आकडा सांगत: "आमचे पाच." एवढाच संवाद.

होय, बोलणे बंद होते. कारणे सांगून वाचकांस शिणवीत नाही. भाऊबंदकीची कारणे सगळीकडे सारखीच असतात. ते पुन्हा सुरू झाले तेही वरवरचेच होते. अशात गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुमारास दादांनी, म्हणजे थोरल्या पातीच्या आमच्या चुलत बंधूंनी, निरोप पाठविला की घरात नवी सून यायची आहे, आडोशाची न्हाणी हवी, तेव्हा वाटणीच्या रेघेवर भिंत घालणार. दरवाजापासून बारा फूट मोकळे सोडून पुढे भिंत.

कागदावर त्यांचे काही चुकत नव्हते. रेघ त्यांची तेवढीच आमची. अंगणात आमच्या वाट्यास अकरा फूट रुंदी आहे, आणि साडेसहा फुटांच्या ट्रॉलीस अकरा फूट पुष्कळ झाले, असे कोणीही म्हणेल. अडचण वेगळीच आहे. दरवाजातून शिरताना ट्रॉली रेघेच्या दोन्ही अंगांस असते, कारण साडेचार फुटांतून ती जाणार कशी? आत आल्यावर ती तिरकी होते, दादांच्या बाजूस तीन फूट सरकते आणि मग हळूहळू आमच्या भिंतीकडे सरळ होते. हा तिरका भाग तिला चुकत नाही. भिंत उभी राहिली तर ट्रॉली बाहेर राहणार. बाहेर ठेवावी तर बोळ अडतो. शिवाय रात्री बिनदिव्याच्या उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून आमच्याच गावचा एक तरुण जन्माचा अधू झाला आहे. ते पाप दारात नको होते.

घरात दोन मते झाली. तरुणांचे मत, देवासला जाऊन वकिलास वाटणीपत्र दाखवावे. वहिवाट लिहिली आहे, न्यायालय ती राखील. आईचे मत, न्यायालय वहिवाट राखील पण पोरे कोण मोजील? आई एरवी फारसे बोलत नाही.

धारेस आमचे आजोळ. तेथल्या लाट मशिदीजवळ एक प्राचीन लोखंडी स्तंभ तीन तुकड्यांत ठेवलेला आहे. तिन्ही मिळून सुमारे ४३ फूट. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहिले आहे की गुजरातच्या बहादूरशहाने माळवा जिंकल्यावर हा स्तंभ आपल्या मुलुखात नेण्याचे मनात आणले आणि उतरविताना तो पडून मोडला. लहानपणी मामा तो दाखवून म्हणत, "आधी दोरी लावून पाहायचे होते." मामांना प्रत्येक गोष्टीत दोरी लावून पाहायची खोड होती. त्याच धार जिल्ह्यात पीथमपूर येथे २०२१ पासून मोटारींच्या परीक्षेचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान मार्ग आहे. तेथे वाहने वाऱ्यासारखी पळवून पारखतात. आमची परीक्षा बारा फुटांची आणि उलट्या दिशेची. पण दोरी मात्र आठवली.

आम्ही दादांकडे गेलो आणि म्हणालो, "दादा, भिंत जरूर घाला. मात्र पाया खणण्याआधी रेघेवर चार बांबू रोवून सुतळी बांधू या. ट्रॉली रिकामी आणतो. तुम्ही स्वतः मागे उभे राहा. गेली तर आमचे काही म्हणणे नाही."

दादा काही क्षण विहिरीकडे पाहत राहिले. "मी का? तुमच्याकडे माणसे नाहीत?"

"मागे उभे राहण्यास तुमच्यासारखा डोळा कोणाचा नाही," बंधू म्हणाले. हे खुशामतीचे नव्हते. बैलगाडीच्या दिवसांत जू दादाच धरीत.

रविवारी दुपारी बांबू रोवले. कमानी आधीच उतरवून ठेवल्या होत्या, कारण त्या दरवाजाच्या चौकटीस लागतात. जमिनीवर चुन्याची रेघ ओढली. मुले ओट्यावर बसली. त्यांचे सहा, आमची चार. म्हाताऱ्यांना हात जोडून गप्प केले. दादा आत, ट्रॅक्टरवरून स्पष्ट दिसतील असे, विहिरीच्या काठाशी उभे राहिले. बंधूंनी हाताचा अॅक्सिलरेटर कमी केला, सर्वांत मंद गिअर टाकला आणि मान मागे वळविली.

पहिल्या खेपेस शेपटी दरवाजाच्या दगडाकडे गेली, पुढे घेतले. दुसऱ्या खेपेस आत आली, पण सुतळीस लागली. तिसऱ्या, चौथ्या खेपेसही सुतळीच. पाचव्या खेपेस दादांनी हात वर करून ट्रॅक्टर थांबविला, स्वतः येऊन ट्रॉलीच्या चाकापाशी बसले, सुतळी आणि चाक यांतले अंतर वितीने मोजले, आणि बंधूंना म्हणाले, "दरवाजातून अजून डावीकडून घे. माझ्या अंगाने ये. येऊ दे." सहाव्या खेपेस दरवाजाच्या डाव्या दगडापासून चार बोटे सोडून ट्रॉली आत शिरली. त्याहून जास्त काही करता येण्याजोगे नव्हते, हे ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनाही कळले. तरीही तिचा मागचा कोपरा सुतळीवर आला, सुतळी ताणली आणि पहिला बांबू वाकला.

बंधूंनी इंजिन बंद केले. पाऊण तास झाला होता. कोणी काही बोलले नाही. मुलांपैकी एकाने विचारले, "आता उतरू का?" त्याला वहिनींनी गप्प केले.

दादांनी बांबू उपटला. हातात घेऊन ते विहिरीच्या दिशेने चालू लागले, पावले मोजीत. तीन पावलांवर थांबले, मागे वळून ट्रॉलीच्या कोपऱ्याकडे पाहिले, आणखी एक पाऊल टाकले आणि तेथे तो रोवला. बारा फुटांचे अठरा झाले. मग ते आपल्या जागी जाऊन उभे राहिले आणि हाताने खुणावले: येऊ दे. ट्रॉली तिरकी आली, सरळ झाली आणि आमच्या भिंतीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. चाकांना धोंडे लावले, दांडीखाली टेकू दिला.

"न्हाणी विहिरीपलीकडे नेतो," दादा वहिनींना म्हणाले. "तेथे उतारही बरा आहे." वहिनींचे मुद्रेवरून हे त्यांना फारसे पसंत दिसले नाही. विहिरीपलीकडे जायचे म्हणजे पावसात भिजणे आले, आणि ते सुनेला नाही तर वहिनींनाच आले. त्यावर पत्र्याची पडवी टाकून देण्याचे आम्ही कबूल केले. निम्मा खर्च आमचा. त्याबद्दल अद्याप थोडी घासाघीस चालू आहे.

विटा दिवाळीनंतर आल्या, आमच्याच ट्रॉलीतून. भरलेली ट्रॉली मागे घेण्यास रिकामीपेक्षा बरी. ती उड्या मारीत नाही. मुले मोजली, दादा मागे उभे राहिले आणि दुसऱ्याच खेपेस ती आत आली. बंधूंना दुसरीकडे नांगरणीस जायचे होते, म्हणून ट्रॅक्टर सोडवून नेला आणि विटा ट्रॉलीतच राहिल्या. गडी पुढच्या बाजूने विटा उतरवू लागला तेव्हा दादांनी त्यास ओरडून थांबविले. पुढचे ओझे आधी काढले तर दांडी वर उचलली जाते आणि बैलगाडीप्रमाणेच ट्रॉलीही उलार होते. त्यांनी त्याला मागून आरंभ करण्यास लावले, आणि शेवटची वीट उतरेपर्यंत दांडीवर हात ठेवून तेथेच उभे राहिले.